आजारपणात बुडालेला रोज: ईएसआयचा दावा कोणाला करता येतो, कसा करायचा

आधी एक गैरसमज. आजारी पडलं की भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, असं कोकणात लोटे-परशुरामपासून कुडाळपर्यंतच्या एमआयडीसीत बऱ्याच जणांना वाटतं. महाराष्ट्रात खासगी नोकरदाराला असा सरसकट हक्क नाही. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकान-हॉटेलांना 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा द्यावी लागते, त्याशिवाय वार्षिक रजा. कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अशी वार्षिक रजा असते. ती लागू व्हायला पूर्वी वर्षात 240 दिवस भरावे लागत, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत 180. 'आजारी रजा' असं वेगळं खातं दोन्हीकडे नाही. त्यामुळे श्रावणात लेप्टोच्या तापाने पंधरा दिवस अंथरूण धरलं, तर चवथीसाठी साठवलेली रजा तरी जाते, नाहीतर पगार तरी.

ही भोकं थोडीफार बुजवतो तो कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपला ईएसआय. 1948 च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेखाली आली आहे. ती रजा देत नाही. बुडालेल्या पगाराचा 70 टक्के भाग रोखीने देते, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस.

तुम्ही त्यात आहात का?

पगाराची चिठ्ठी काढा. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल (दिव्यांग कामगारासाठी 25,000) आणि चिठ्ठीत ईएसआयच्या नावाने 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर तुम्ही त्यात आहात. मालक स्वतःचे 3.25 टक्के वेगळे भरतो. ठेकेदारामार्फत कामाला असलात तरी वर्गणीची अंतिम जबाबदारी मूळ कंपनीची असते. ठेकेदार 'आमच्याकडे ते नसतं' म्हणाला, तरी तिथे थांबू नका.

78 दिवसांचा हिशेब

अडतं ते इथेच. वर्षाचे दोन वर्गणी-काळ असतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधलं आजारपण धरलं जातं, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधलं. त्या सहा महिन्यांत किमान 78 पगारी दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. नवीन लागलेल्या कामगाराला पहिला लाभ साधारण नऊ महिन्यांनंतरच मिळतो.

बारमाही कारखान्यात 78 सहज भरतात. आता मालवणच्या किनाऱ्यावरचं हॉटेल घ्या. एप्रिल-मेमध्ये महिन्याला 26 दिवस, जून ते ऑगस्ट बंद, सप्टेंबरमध्ये पुन्हा 26. बेरीज बरोबर 78! त्यात चवथीला चार दिवस बिनपगारी गावी गेलात की झाले 74, आणि जानेवारी ते जून, म्हणजे ऐन हंगामात, आजारपणाचा एक पैसा नाही. दिल्लीत बसून नियम करणाऱ्याला आपला पावसाळा कुठून दिसणार! पण गणित तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर ते चार दिवस नैमित्तिक रजेत बसवता येतात. पगारी रजेचे दिवस मोजणीत धरले जातात.

दावा कसा करायचा

आजारी पडलात की पहिल्याच दिवशी ईएसआय दवाखान्यात किंवा ईएसआयने नेमलेल्या डॉक्टरकडे जा. काम बंद ठेवल्याचं सर्टिफिकेट तिथूनच घ्यायचं. आजार लांबला तर मधलं सर्टिफिकेट, आणि शेवटी 'फिट'चं. आमच्या शेजारचा एकजण तापात आठ दिवस गावच्या डॉक्टरकडे सलाइन घेत राहिला आणि नवव्या दिवशी ईएसआयमध्ये गेला. त्याचे आधीचे दिवस अडकले ते अडकलेच. खासगी किंवा सरकारी डॉक्टरचा दाखला अपवाद म्हणून स्वीकारता येतो, पण तो कार्यालयाच्या मर्जीचा भाग आहे. नाइलाजाने बाहेर उपचार घेतलेच तर केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, बिलं, डिस्चार्ज कार्ड, काहीही टाकून देऊ नका.

मग शाखा कार्यालयात दाव्याचा अर्ज द्यायचा, फॉर्म 9 म्हणतात तो. ईएसआयच्या पोर्टलवरूनही देता येतो. सोबत सर्टिफिकेट, विमा क्रमांक किंवा पहचान कार्ड, आधार आणि बँक पासबुकाची प्रत. पैसे थेट खात्यात येतात. आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव जुळतंय का ते निरोगी असतानाच पाहून ठेवा.

आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस झाले नसतील, तर मात्र मिळतात. रोज 600 रुपये पडत असेल आणि दहा दिवस आजारी असाल, तर 420 गुणिले आठ, 3,360 रुपये. पहिले दोन दिवस पगारी रजेत टाका. पुढच्या दिवसांचा पगार घेतलात तर त्या दिवसांचा लाभ नाही. दोन्हीकडून घेता येत नाही.

टीबी, कॅन्सर यांसारख्या 34 लांबणाऱ्या आजारांसाठी वेगळी सोय आहे: 91 दिवस संपल्यावर 80 टक्के दराने पुढे आणखी 124 दिवस, गरज पडल्यास दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि त्या काळात 156 दिवसांची वर्गणी लागते.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवरचा खलाशी, आंबा काढणीला आलेला गडी, घरकामाला जाणारी बाई यांना यातलं काही नाही. जनआरोग्य योजनेतून इस्पितळाचं बिल भागतं, बुडालेला रोज भागत नाही. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्डही आजारपणाचा पगार देत नाही. ते काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा, नोंदणी फुकट आहे.

कपात होते पण भरणा होत नाही, हा प्रकारही घडतो. मालकाने वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. सोळाव्या-सतराव्या दिवशी पोर्टलवर विमा क्रमांक टाकून आपले किती दिवस चढले ते बघा. आकडा कमी दिसला तर शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फोनच करायचा तर 1800 11 2526, तो फुकट लागतो.