तेलताडाची परीक्षा घेणारी बुरशी

माडाच्या बुंध्यातून तांबूस-तपकिरी रस गळू लागला आणि पावसाळ्यात तिथेच पांढऱ्या कडेच्या, लाखेचा लेप दिल्यासारख्या चकचकीत छत्र्या फुटल्या, तर खोडात गॅनोडर्मा शिरलेला असतो. ही बुरशी लाकूड कुजवते. गोव्यातल्या बागायतदारांना माडाची काळजी असते, पण या बुरशीच्याच कुळातली गॅनोडर्मा बोनिनेन्स मलेशिया-इंडोनेशियात पामतेल देणाऱ्या तेलताडाच्या बागा पोखरते आहे. पानं मलूल दिसेपर्यंत बुंधा आतून बराचसा कुजलेला असतो आणि खात्रीचा इलाज नाही. म्हणून सगळी आशा रोगाला दाद न देणाऱ्या वाणावर.

तेलताड बागेत पंचवीसेक वर्षं राहतो. कोणतं झाड तगतं, हे बघायला तेवढी वर्षं कोण थांबणार? म्हणून परीक्षा रोपवाटिकेतच घेतात. रबराच्या लाकडाचे ठोकळे निर्जंतुक करून त्यांवर बुरशी वाढवतात. ठोकळा बुरशीने पुरता व्यापला की तो मातीच्या पिशवीत ठेवून त्यावर कोंब फुटलेलं बी लावतात. मुळं लाकडाला भिडतात. काही महिन्यांनी रोपाचा बुंधा उभा चिरून कूज कुठवर गेली ते मोजतात. शेजारी बुरशीविना ठोकळ्यावरची रोपंही असतात, तुलनेसाठी.

पण बुरशी कोणती घ्यायची? मला खरी मेख इथेच दिसते. एकाच मळ्यातून गोळा केलेले गॅनोडर्माचे वाणसुद्धा एकसारखे नसतात. एक वाण रोपाला झपाट्याने मारतो, दुसरा जेमतेम मुळाला लागतो. मवाळ वाण घेतला तर सगळीच रोपं पास. फार जहाल घेतला तर सगळी नापास, आणि थोडीफार प्रतिकारशक्ती असलेली रोपंही कचऱ्यात जातात. तेलताडात पूर्ण प्रतिकार सापडलेलाच नाही, त्यामुळे ही 'थोडीफार'च मोलाची. म्हणून आधी बुरशीचीच चाचणी होते: नाजूक आणि चिवट म्हणून माहीत असलेल्या रोपांवर अनेक वाण सोडायचे आणि दोघांतला फरक स्पष्ट दाखवणारे निवडायचे. एका वाणावर भागत नाही. एकाला तोंड देणारं रोप दुसऱ्यापुढे हार मानू शकतं. शिवाय काचेच्या बशीत वारंवार वाढवलेली बुरशी मंदावते, तेव्हा ती आजारी रोपातून पुन्हा वेगळी काढावी लागते.

मलेशियात माड तोडून त्याच जागी तेलताड लावले, तिथे रोग लवकर आणि जास्त दिसला, कारण जुने बुंधे मातीतच राहिले होते. गोव्यात माड काढून तेलताड लावायचा कुणाचा विचार असेल, तर आधी बुंधा मुळांसकट उकरून काढावा.