नऊ चौक, आठ रस्ते

कागदावर तीन ओळींत तीन-तीन असे नऊ ठिपके काढा. हे चौक. शेजारचे ठिपके रेषांनी जोडले की बारा रस्ते होतात आणि मधे चार चौकोन बंद होतात. आता तेच नऊ चौक झाडाच्या फांद्यांसारखे जोडा, एकही चौकोन बंद न करता. आठ रस्त्यांत काम भागतं, म्हणजे एक तृतीयांश रस्ते वाचले! पण या आठांतला कुठलाही एक खणून ठेवला, की जाळ्याचे दोन तुकडे पडतात. पहिल्या आकृतीत तसं होत नाही, फार तर वळसा पडतो.

रस्त्यांची जोडणी मोजतात तीही याच हिशेबाने: चौकांच्या तुलनेत रस्ते किती, त्यांतले चार रस्ते मिळणारे किती नि तीनच मिळणारे तिठे किती, आणि पुढे वाटच नसलेल्या गल्ल्या किती.

इटलीत मिलानच्या उत्तरेकडच्या ग्रोआने भागाचे १८३३ ते २००७ या काळातले नकाशे संशोधकांनी ताडून पाहिले. आधी मोकळ्या रानात नवे फाटे फुटले, मग मधल्या जागा भरत गेल्या आणि जोडरस्ते निघाले. मुख्य रहदारीचा कणा मात्र बहुतांशी जुन्याच रस्त्यांचा राहिला.

पण हे भरणं आपोआप होईलच असं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रॅडबर्न वसाहतीत १९२९ पासून बंद गल्ल्या मुद्दाम आखल्या, पण सोबत चालणाऱ्यांसाठी वेगळ्या पायवाटाही होत्या. पुढच्या कित्येक उपनगरांनी बंद गल्ल्या तेवढ्या उचलल्या, पायवाटा सोडून दिल्या. हा माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत महागडा आळस. अमेरिकेतल्या नव्या रस्त्यांची जोडणी विसाव्या शतकात घसरत गेली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात तळाला पोचली. त्यानंतर ती पुन्हा सुधारू लागली.

सुधारणा बहुतेक नव्या वस्तीतच होते. जुन्या बंद गल्लीच्या टोकाला घर असतं, घराला मालक असतो. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन घरांत भिंतीचंच काय ते अंतर, तरी रस्त्याने जायचं तर आधी मुख्य रस्त्यावर यावं लागतं. तिथे दोन मीटर रुंदीचा बोळ काढला तरी पायी नि सायकलवर जाणाऱ्यांचा वळसा वाचतो, आणि गल्लीत परकी वाहनंही शिरत नाहीत. म्हणून गाड्यांची जोडणी आणि माणसांची जोडणी हल्ली वेगवेगळी मोजतात.