पॅरामेडिकची औषधचिठ्ठी आणि पोटॅशियमची वाट

ब्रिटनमध्ये पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणारे कर्मचारी, स्वतःच्या सहीने औषधे लिहून देतात, हे ऐकून 'म्हणजे रुग्णवाहिकेचा चालकही डॉक्टर झाला की!' असा शेरा मारणारे भेटतात. पण तिथला पॅरामेडिक हा नोंदणीकृत व्यावसायिक असतो आणि 1 एप्रिल 2018 रोजी अमलात आलेल्या कायद्याने हा अधिकार सरसकट सर्वांना नव्हे, तर प्रगत पातळीवर काम करणाऱ्या आणि औषधलेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यांनाच दिला. मॉर्फिन, कोडीन, डायझेपाम, लोराझेपाम व मिडाझोलाम ही पाच नियंत्रित औषधे लिहिण्याची मुभा तर त्यांना 31 डिसेंबर 2023 रोजी मिळाली.

रुग्णवाहिकेत दिलेल्या बहुतेक औषधांचा परिणाम काही मिनिटांत डोळ्यांसमोर दिसतो. फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात काम करणाऱ्या पॅरामेडिकने लिहिलेले औषध मात्र रुग्ण घरी, इतर गोळ्यांच्या सोबतीने घेतो. रक्तदाबासाठी रामिप्रिल घेणाऱ्या एखाद्या वृद्धेला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आहे असे समजू. ट्रायमेथोप्रिम हे नेहमीच्या वापरातले प्रतिजैविक तिला द्यावे का? उत्तर मूत्रपिंडात दडले आहे.

मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या अखेरच्या भागात, पेशींच्या पृष्ठभागावर सोडियमसाठी राखीव वाटा असतात. त्यांतून धनप्रभारित सोडियम आयन पेशीत शिरले की नलिकेच्या पोकळीत ऋणप्रभार उरतो आणि त्याच्या ओढीने पोटॅशियम आयन दुसऱ्या वाटेने बाहेर पडून लघवीत मिसळतात. म्हणजे पोटॅशियम बाहेर जायचे तर सोडियम आत यायला हवे. ट्रायमेथोप्रिम नेमक्या या सोडियमच्या वाटा अडवते. रामिप्रिल वेगळ्या अंगाने तिथेच पोहोचते: त्याच्यामुळे अँजिओटेन्सिन-2 हे रक्तदाब वाढवणारे रसायन कमी तयार होते, परिणामी अल्डोस्टेरॉन घटते आणि त्या संप्रेरकाच्या हुकमावर उघड्या राहणाऱ्या या वाटाच कमी होतात. एका औषधाने वाटा घटवल्या आणि दुसऱ्याने उरलेल्या बुजवल्या, की पोटॅशियम रक्तात साचते. एरवी लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलिमोल असणारे हे प्रमाण 6.5 च्या पुढे गेले, तर हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. अशा रुग्णाच्या ईसीजीवरील उंच, टोकदार टी-तरंग पॅरामेडिकच्या ओळखीचे असतात. आता ते उमटूच नयेत, याची जबाबदारी त्याच्या सहीवर आली आहे.

('किडनी साफ करायला रोज भरपूर नारळपाणी प्या' असे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी नारळपाण्यातील पोटॅशियम आणि ते पिणाऱ्याच्या गोळ्या, दोन्हींचा विचार करावा.)

ट्रायमेथोप्रिमला पर्याय म्हणून नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक आहे. पण ते लघवीत पुरेसे साठले तरच जंतूंना मारते आणि मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला 45 मिलिलिटरच्या खाली असेल, तर सहसा टाळले जाते. त्यामुळे संसर्ग ओळखता आला तरी रुग्णाच्या गोळ्यांची यादी आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा अलीकडचा अहवाल पाहिल्याशिवाय चिठ्ठी पुरी होत नाही.