दिव्यांगांची आरोग्यसेवा (कोल्हापूर जिल्हा)

दीर्घकालीन शारीरिक, बौद्धिक, मानसिक किंवा ज्ञानेंद्रियांची दुर्बलता असलेल्या व्यक्तींना लागणाऱ्या प्रतिबंधक, उपचारात्मक व पुनर्वसनात्मक सेवा आणि त्या सेवांपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था यांचा विचार या विषयात होतो. जुन्या संदर्भग्रंथांत तो बहुधा अपंगांच्या पुनर्वसनाखाली येतो आणि तेथे भर कृत्रिम अवयव, विशेष शाळा व व्यवसायशिक्षण यांवर असतो. दिव्यांग व्यक्तीलाही ताप येतो, मधुमेह होतो, दात किडतात, बाळंतपण असते, ही बाजू त्या मांडणीत जवळजवळ सुटलेली आहे. गेल्या दोन दशकांतील संशोधनाचा रोख मात्र मुख्यतः याच बाजूवर आहे.

कायद्याची चौकट सर्वपरिचित असल्याने येथे थोडक्यात दिली आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, कंपवात (पार्किन्सन), बहुविध काठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) अशा, पूर्वी निव्वळ ‘आजार’ समजल्या जाणाऱ्या अवस्था आल्या. या अधिनियमाच्या कलम २५ नुसार उत्पन्नमर्यादेच्या अधीन राहून परिसरातच, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा देणे, सरकारी व खाजगी रुग्णालयांचे सर्व भाग अडथळाविरहित ठेवणे आणि तपासणीत व उपचारात प्राधान्य देणे ही कर्तव्ये ठरविली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील आरोग्यविषयक अनुच्छेदाचा क्रमांकही पंचवीसच आहे. भारताने हा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थित केला.

कोल्हापुरातील पूर्वपीठिका : संस्थानकाळातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय (आजचे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, लोकांच्या बोलण्यातील ‘सीपीआर’) हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीतले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) अणुस्कुरा येथे व्हिक्टोरिया लेपर असायलम या नावाने कुष्ठधाम सुरू झाले. त्याची स्थापना सामान्यतः १८९७ च्या सुमाराची, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या काळातली मानतात आणि नावावरूनही तोच काळ अधिक संभवनीय वाटतो. हे कुष्ठधाम पुढे शहरालगतच्या शेंडा पार्क परिसरात आले. त्या काळातील अशा संस्थांचा हेतू उपचाराइतकाच रुग्णाला वस्तीपासून दूर ठेवण्याचा असे, हे विसरता येत नाही. बहुऔषधी उपचारपद्धतीमुळे (जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस, १९८०च्या दशकाचा आरंभ) विलगीकरणाची गरज संपली. मात्र जंतू गेल्यावरही हातापायांची गेलेली संवेदना परत येत नाही, म्हणून कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश कायद्यात स्वतंत्रपणे केला आहे. बधिर तळव्यांना आतून मऊ, बाहेरून कठीण आणि खिळे नसलेले पादत्राण लागते. त्यासाठी सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल वापरतात. ज्या चपलेसाठी हे शहर ओळखले जाते ती कडक चामड्याची कोल्हापुरी या रुग्णांना वर्ज्य असते.

स्वातंत्र्योत्तर काळातील महत्त्वाचे नाव हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेचे होय. ऐन तारुण्यात कमरेखालील संवेदना गमावलेल्या नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने ती १९८४ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली. वसतिगृह, दिव्यांग व इतर मुलांची एकत्र शाळा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काजूप्रक्रियेचा स्वप्ननगरी प्रकल्प असा तिचा विस्तार झाला. आरोग्याच्या दृष्टीने तिचे विशेष असे की, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीने शय्याव्रण (सतत बसून वा पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), मूत्रमार्गाचा संसर्ग व मलविसर्जन हे प्रश्न स्वतः कसे हाताळावेत, हे ज्ञान तेथे डॉक्टरांकडून नव्हे तर अनुभवी दिव्यांगांकडून नवागताला मिळत गेले. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी चेतना अपंगमती विकास संस्था शेंडा पार्क येथे काम करते. याखेरीज जिल्ह्यात अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत.

गणनेचा प्रश्न : किती लोकांसाठी सेवा उभारायची, या प्रश्नाचे उत्तर मोजण्याच्या रीतीवर अवलंबून राहते आणि ती रीत वेळोवेळी बदलत गेली आहे. भारतीय जनगणनेत १८७२ ते १९३१ या काळात ‘दौर्बल्यां’ची नोंद होत असे. ती १९४१ पासून बंद झाली, १९८१ मध्ये (आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाच्या निमित्ताने) तीन प्रकारांपुरती परतली, १९९१ मध्ये पुन्हा वगळली गेली आणि २००१ पासून नियमित झाली. २००१ मध्ये देशातील प्रमाण २.१३ टक्के, तर २०११ मध्ये आठ प्रकार विचारूनही २.२१ टक्के (सुमारे २.६८ कोटी) आले, महाराष्ट्राचा आकडा २९.६३ लाख होता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत (जुलै–डिसेंबर २०१८) २.२ टक्के हेच प्रमाण निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ते सुमारे १ टक्क्यावर उतरले, आणि सहाव्या फेरीतून हा प्रश्नच काढून टाकल्याचे २०२३ मध्ये उघड झाल्यावर दिव्यांग हक्क कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला.

याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या अहवालात जगातील सुमारे १५ टक्के लोकसंख्या कोणत्या ना कोणत्या दिव्यांगत्वासह आणि डिसेंबर २०२२ च्या अहवालात १६ टक्के (१.३ अब्ज) लोकसंख्या लक्षणीय दिव्यांगत्वासह जगते, असा अंदाज आहे. एवढ्या तफावतीचे मूळ प्रश्नाच्या शब्दांत आहे. जनगणनेतील प्रगणक घरात कोणी अपंग आहे का असे विचारतो आणि होकार आला तरच प्रकार नोंदवतो. उत्तर देणारा बहुधा कुटुंबातला दुसराच कोणी असतो, आणि लग्नाच्या वयाची मुलगी किंवा मानसिक आजारी भाऊ घरात असेल तर होकार येईलच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये नेमलेल्या वॉशिंग्टन गटाच्या सहा प्रश्नांत ‘अपंग’ हा शब्दच येत नाही. चष्मा लावूनही पाहायला, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला, चालायला वा जिना चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःचे आवरायला आणि इतरांशी बोलायला अडचण येते का, असे ते विचारतात आणि उत्तराला चार पायऱ्या देतात. ‘बरीच अडचण’ ही पायरी सीमारेषा धरली की प्रमाण वाढते, आणि वृद्धांची संख्या त्यात विशेष दिसते. मानसिक आजार या सहा प्रश्नांत नीट पकडले जात नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तरीही आरोग्यसेवेच्या नियोजनासाठी हीच रीत अधिक उपयुक्त मानावी लागते, कारण डॉक्टरकडे जाताना आड येते ती अडचण, तिचे नाव नव्हे.

कोल्हापूर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. तिला देशाचे २.२१ टक्के हे प्रमाण लावले तर सुमारे ८५ हजार, आणि १६ टक्के लावले तर सव्वासहा लाखांच्या जवळपास आकडा येतो. हे केवळ गणित असून जिल्ह्याची प्रत्यक्ष गणना नव्हे. परंतु नियोजनकाराच्या हाती यांतला कोणता आकडा आहे, यावर तालुक्याला किती भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) लागतात याचे उत्तर सात पटींनी बदलते.

टक्केवारी व प्रमाणपत्र : मोजण्याची दुसरी रीत व्यक्तीच्या पातळीवरची आहे. कायद्यातील बहुतेक लाभ ४० टक्के किंवा अधिक, म्हणजे लक्षणीय, दिव्यांगत्वाशी जोडलेले आहेत. मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना १९८६, २००१, २०१८ व २०२४ अशा टप्प्यांनी बदलत आल्या आहेत. सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद व समन्वय यांवरून अवयवाची टक्केवारी काढतात; मानसिक आजारासाठी स्वतःची देखभाल, संवाद, काम व परस्परसंबंध यांवर आधारित भारतीय मापनश्रेणी वापरतात. एकापेक्षा अधिक प्रकार असल्यास टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठी टक्केवारी ‘अ’ आणि लहान ‘ब’ मानल्यास अ + ब × (९० − अ) ÷ ९० हे सूत्र लावतात. त्यानुसार ४० आणि ३० मिळून ७० नव्हे, तर सुमारे ५७ टक्के होतात. मात्र ३० आणि २० मिळून ४३ च्या पुढे जातात, म्हणजे एकेकट्या प्रकाराने अपात्र ठरणारी व्यक्ती येथे पात्र होते. हा तपशील अनेक अर्जदारांना ठाऊक नसतो आणि ते दुसऱ्या दुर्बलतेची तपासणी मागतच नाहीत.

या पद्धतीवरील मूलभूत टीका अशी की ती देहाचे मोजमाप करते, जगण्याचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या वर्गीकरणाऐवजी २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात शरीराची स्थिती, कृती, सहभाग आणि परिसर यांचा एकत्र विचार आहे. पायाची तीच टक्केवारी शहरातील राजारामपुरीतल्या लिफ्ट असलेल्या इमारतीत आणि गगनबावड्याच्या उतारावरच्या वाडीत सारखी भोगली जात नाही. भारतीय सूचनांनी हा विचार प्रस्तावनेपुरता घेतला; सूत्रे मात्र जुन्या वळणाचीच राहिली.

प्रमाणपत्रासाठी आता केंद्रीय संकेतस्थळावरून अर्ज करावा लागतो व वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) मिळते. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांहून कमी, ४० ते ८० च्या दरम्यान आणि ८० व त्याहून अधिक अशा गटांना अनुक्रमे पांढरे, पिवळे व निळे पत्र मिळते. निर्णयाची मुदत एक महिन्याऐवजी तीन महिने झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रातील एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचे प्रकरण गाजले आणि फेरतपासणीच्या मागण्या वाढल्या. फेरतपासणीचा भार खऱ्या प्रमाणपत्रधारकावरही तितकाच पडतो, हे त्या चर्चेत फारसे आले नाही.

सेवांची भौगोलिक स्थिती : तज्ज्ञ सेवा मुख्यतः शहरात एकवटल्या आहेत. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून त्याशिवाय इचलकरंजीचे आयजीएम रुग्णालय आणि गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय ही मोठी सरकारी केंद्रे आहेत. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हे डोंगराळ तालुके दूर पडतात. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून अधिक आहे, त्यामुळे तेथील रुग्ण स्वाभाविकच बेळगावकडे वळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया व ठरावीक उपचार होतात, पण कॅथेटर (लघवीसाठीची नळी), डायपर, नियमित भौतिकोपचार आणि सोबत्याचे एसटी भाडे यांचा रोजचा खर्च घरावरच राहतो. ऑटिझम, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला.

कारणांविषयी स्थानिक पातळीवरील अभ्यास तुरळक आहेत. महामार्गावरील अपघात, यंत्रमाग व फौंड्रीतील दुखापती यांचा वाटा उघड आहे. दक्षिण महाराष्ट्र व लगतच्या कर्नाटकात रूढ असलेल्या आते-मामे भावंडांतील व मामा-भाचीच्या विवाहांमुळे जन्मजात बहिरेपण आणि काही आनुवंशिक विकारांची शक्यता वाढते, असे वैद्यकीय अभ्यासांत आढळते.

अलीकडील संशोधन : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार काही दिव्यांग व्यक्तींचे आयुर्मान इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत कमी भरते आणि मधुमेह, पक्षाघात, दमा, नैराश्य यांचा धोका त्यांना दुप्पट असतो. या फरकाचा मोठा भाग मूळ दुर्बलतेचा नसून टाळता येण्याजोगा आहे, असे अहवालाचे प्रतिपादन आहे. पोटदुखी किंवा वागण्यातील बदल ही तक्रार मूळ दिव्यांगत्वाच्या खात्यावर टाकली जाते आणि वेगळ्या आजाराचे निदान लांबते, हे त्याचे एक कारण. दुसरे अज्ञानाचे आहे : छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीत तुंबलेल्या कॅथेटरसारख्या किरकोळ कारणानेही रक्तदाब एकाएकी जीवघेणा वाढू शकतो, तिला ताबडतोब बसते करून कॅथेटर मोकळा करणे हा प्रथमोपचार असला, तरी तो सामान्य दवाखान्यात ठाऊक असेलच असे नाही.

मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मानेच्या मज्जारज्जूला इजा झालेल्या ६० जणांना त्वचेवरून विद्युत् उद्दीपन व व्यायाम दिला असता ७२ टक्के व्यक्तींच्या हातांची ताकद व कार्यक्षमता दोन्ही सुधारली. डिसेंबर २०२४ मध्ये या उपकरणाला अमेरिकेत परवानगी मिळाली. अशा उपकरणांच्या बातम्या येथेही उत्साहाने वाचल्या जातात. तथापि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे साध्या साहाय्यक साधनांची गरज असलेल्या अडीच अब्ज लोकांपैकी जवळपास एक अब्ज लोकांना ती मिळतच नाहीत, आणि जिल्ह्याच्या दृष्टीने मापाची चाकाची खुर्ची हाच अधिक निकडीचा विषय ठरतो. पोलिओचा भारतातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मधला; बालपणी पोलिओ झालेली पिढी आता मध्यम वयात असून अनेक वर्षांनी पुन्हा जाणवणारा स्नायूंचा थकवा व अशक्तपणा तिच्यात दिसतो. त्याची दखल घेणारे चिकित्सक मोजके आहेत.

न्यायालयीन निर्णय : ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व आहे एवढ्यावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, प्रत्यक्ष कार्यक्षमता तपासावी लागेल, असे ठरविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे (इमारती व सेवा दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता येण्याचे) मापदंड निव्वळ शिफारशीवजा ठेवणारा नियम त्याच न्यायालयाने अवैध ठरवून सक्तीचे मापदंड तयार करण्यास केंद्राला सांगितले. उतरण (रॅम्प), हाताला पकडायचे दांडे, उंची कमी-जास्त होणारे तपासणीमेज आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी यांचा विचार यापुढे रुग्णालयाच्या नकाशातच करावा लागेल. कोल्हापुरात शेंडा पार्क येथील नव्या वैद्यकीय संकुलाला हे विशेष लागू पडते, कारण उभ्या दगडी जिन्यांच्या जुन्या इमारतींत असे बदल नंतर बसविणे खर्चिक असते.

पूरकाळातील सेवा हा या जिल्ह्याचा वेगळा प्रश्न आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत ती बरीच ओलांडली गेली. अधिनियमाच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवून त्यांना धोक्याची सूचना मिळेल अशी व्यवस्था करावयाची आहे. नदीकाठच्या शिरोळ व करवीर तालुक्यांत स्थलांतराचे आदेश निघतात तेव्हा बोटीत चाकाची खुर्ची, डायलिसिसची पुढची तारीख, फिट्सच्या गोळ्यांचा साठा आणि निवारा केंद्रातील कमोड या बाबींची तजवीज गावपातळीवर आशा कार्यकर्ती व पोलीस पाटील यांच्याकडील यादीवर अवलंबून राहते. ही यादी प्रमाणपत्रधारकांपुरती ठेवल्यास अंथरुणाला खिळलेले अनेक वृद्ध तिच्याबाहेर राहतात.