चित्राचं पदक आणि मण्यांचा सर : संच उघडण्यापूर्वी वाचा

पाकिटात २० मिलिमीटर व्यासाच्या, वरून घुमटाकार आणि खालून सपाट अशा २ काचा आहेत. लागते एकच, दुसरी जास्तीची, कारण पहिली बहुधा हात बसवण्यातच जाते. शिवाय पितळी कोंदण, ६ मिलिमीटरचे ६० आणि ३ मिलिमीटरचे २० काचमणी, ६० सेंटीमीटर बीडिंग वायर (मणी ओवायची बारीक तार), ४ क्रिम्प मणी (दाबून चपटे केले की वायर पकडून ठेवणारे), ४ कड्या, हुक, पारदर्शक गोंदाची बाटली आणि दोन नळ्यांचा एपॉक्सी (एकत्र घोटल्यावर घट्ट होणारा गोंद). कात्री आणि चपट्या तोंडाची पक्कड घरची घ्या. मणी ताटात नुसते ओतू नका, खाली पंचा अंथरा. घरंगळलेला ३ मिलिमीटरचा मणी शहाबादी फरशीच्या सांध्यात गेला की परत येत नाही.

चित्र कुठलं चालतं

ग्लॉसी कागदावर काढलेली लेझर प्रिंट सगळ्यांत बिनधोक. लेझरची शाई म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची पूड, ती पाण्याने हलत नाही. घरच्या इंकजेटची शाई बऱ्याचदा पाण्यात विरघळणारी असते. गोंद लागला की ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. झेरॉक्सवाल्याला ‘कलर लेझर’ असं स्पष्ट सांगा, कागद १५० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) मागा.

आजी-आजोबांचा स्टुडिओतला फोटो वापरायचा असेल तर मूळ प्रत कापू नका. तिच्यावर जिलेटिनचा थर असतो आणि ओल लागली की तो मऊ पडून काचेला धरतो. पावसाळ्यात भिंतीवरच्या तसबिरीतला फोटो काचेला चिकटून त्याच्या खपल्या निघतात, ते यामुळेच. फोटो स्कॅन करून लेझर प्रिंट काढा.

जुन्या कॅलेंडरातली चित्रं अनेकांना आवडतात. त्यांची शाई हलत नाही, पण कागद पातळ असतो. गोंदाने भिजला की आरपार दिसू लागतो आणि अंबाबाईच्या कपाळावर मागच्या पानावरची एकादशी उमटते. म्हणून आधी चित्रामागे पांढरा कागद चिकटवा आणि जाड वहीखाली रात्रभर दाबून ठेवा.

घुमट भिंगासारखा वागतो. मधला भाग मोठा दिसतो, कडेचा वाकतो. चेहरा मधल्या १४ मिलिमीटरमध्ये बसवा. रंकाळ्याचा सूर्यास्त घेतलात तर पाण्याची रेघ बरोबर मध्यावर ठेवा, खाली घेतली तर ती धनुष्यासारखी दिसते. मोबाइलवर उजळ वाटणारं चित्र कागदावर गडद उतरतं, तेव्हा छापण्यापूर्वी थोडं उजळ करून घ्या.

काच चिकटवणं

आमच्याकडे परत येणाऱ्या पदकांपैकी बहुतेक इथेच बिघडलेली असतात. कारण घाई.

चित्र काचेपेक्षा थोडं मोठं, साधारण ३० मिलिमीटरचं चौकोनी कापा. गोल आत्ताच कापू नका. काच स्पिरिटने पुसा आणि नंतर सपाट बाजूला बोट लावू नका. चित्राच्या मधोमध तुरीच्या डाळीएवढा गोंदाचा थेंब सोडा. पसरवू नका. काच वरून सरळ टेकवा आणि अंगठ्याने हळू दाबा, म्हणजे गोंद मध्यापासून कडेकडे सरकतो आणि हवा पुढे ढकलतो. काचेतून पाहा. रुपेरी डाग दिसला तर तिथे गोंद पोचलेला नाही. काच न उचलता किंचित गोल फिरवून दाबा. उचललीत की हवा आत शिरलीच.

आता काच खाली आणि कागद वर, असं पालथं ठेवा आणि २४ तास हात लावू नका. हा गोंद आतलं पाणी उडून गेल्यावर सुकतो. काचेतून पाणी जात नाही, पितळेतूनही नाही. वाट फक्त कागदाच्या पाठीतून. त्याच दिवशी कोंदणात बसवलंत तर ती वाटही बंद होते आणि चित्रावर दुधाळ धुकं राहतं, ते महिनाभरही जात नाही. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत वाळत घातलेला रुमालही दिवसात सुकत नाही, तेव्हा पदकाला ४८ तास द्या, पंख्याखाली. हेअर ड्रायर नको, त्याने गोंदात बुडबुडे येतात.

सुकल्यावर काचेच्या कडेलगत कात्रीने जास्तीचा कागद कापा. धुकं किंवा डाग राहिलाच असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा. कागद निघतो, काच पुन्हा वापरता येते. कोंदणात बसल्यावर मात्र ही सोय नाही.

कोंदणात बसवणं

आधी गोंदाशिवाय काच बसवून पाहा. कागद कडेला घासत असेल तर पुन्हा कापा. दोन्ही नळ्यांतला एपॉक्सी सारख्या मापाने घेऊन टूथपिकने एक मिनिट घोटा. माप चुकलं तर तो कायम चिकट राहतो. तो कोंदणाच्या तळाला लावून काच बसवा. पाच मिनिटांत घट्ट होतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात, तोवर पदक आडवंच ठेवा. झटपट चिकटणारा इन्स्टंट गोंद इथे वापरू नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी भुकटी बसते.

ओवणं

वायरच्या मधोमध पदक घ्या. प्रत्येक बाजूला १ लहान, ३ मोठे, असं १० वेळा. हुक-कड्या धरून सर ४५ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. टोकाला क्रिम्प घाला, मग कडी, आणि वायर क्रिम्पमधून परत आणून शेवटच्या ३ मोठ्या मण्यांतून काढा. तिथेच कापा. चौथा लहान मणी आहे, त्याच्या भोकात दुहेरी वायर मावत नाही. क्रिम्प पक्कडीने चपटा करा. वायर कापायच्या दातांत धरलात तर तुटतो. दाबण्यापूर्वी २ मिलिमीटर ढील सोडा, नाहीतर सर गळ्यावर बसत नाही, ताठ उभा राहतो. कडी उघडताना टोकं पुढे-मागे वळवा. बाजूला फाकवलेली कडी पुन्हा नीट मिटत नाही.

ठुशीसारखा मागे सरकता गोंडा हवा असेल तर बीडिंग वायरऐवजी रेशमी दोरा घेऊन पटवेकऱ्याकडून (दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याकडून) गाठवून घ्या. चांदीचं कोंदण हवं असल्यास हुपरीच्या कारागिराला तळ सपाट आणि आतला व्यास २०.५ मिलिमीटर, असं लिहून द्या. ठोक्याने तळाला आलेला फुगवटा काच टेकू देत नाही.

वापरताना

अत्तर आणि बॉडी स्प्रे आधी, माळ नंतर. अंघोळीला, पोहायला काढून ठेवा. कोंदणाची कड पाणी ओढून घेते. पितळ घामाने हिरवं पडतं, म्हणून मागच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिश लावा आणि उडालं की पुन्हा लावा.

पाकीट उघडताना काच तडकलेली निघाली तर त्याच दिवशी कळवा, बदलून देतो. गोंद लागलेली काच बदलून मिळत नाही. सुटे मणी आणि क्रिम्प मात्र हवे तेवढे नेता येतात. ४ मणी कमी पडले तरी मागायला संकोच करू नका.