कुत्र्याने कुठे तंबाखू खाल्ली?

राणीच्या बायोप्सीचा कागद हातात आला तेव्हा गल्लीत ज्याला सांगावे तो हेच विचारी. सोलापुरात तोंडाचा कॅन्सर म्हटले की डोळ्यांपुढे मावा आणि गुटख्याची पुडीच येते, आणि माणसांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. कुत्र्याच्या तोंडातल्या गाठीला मात्र असे एकच बोट दाखवता येईल असे कारण नाही. वय वाढले की धोका वाढतो, एवढे नक्की.

राणी नऊ वर्षांची, कारवान जातीची कुत्री. लांबोडके तोंड, पातळ पाय, आणि कडक भाकरीवर जीव. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ती मान वाकडी करून एकाच बाजूने चावू लागली. तुकडा तोंडातून पडायचा, ती पुन्हा उचलायची. पाण्याच्या भांड्यात लाळेची गुलाबी तार दिसली. तोंडाला वास तर होताच. "म्हातारी झाली, वास येणारच," आई म्हणाली आणि मलाही ते पटले. खालचा पुढचा एक दात हलत होता. जवळच्या दवाखान्यात तो काढून घेतला, अँटिबायोटिक दिले. तीन आठवड्यांनी पाहिले तर दाताचा खळगा भरलेला नव्हता. उलट त्यातून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे लाल, खरखरीत मांस वर आले होते.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण अशी चूक सहज होते. गाठ दातांच्या मुळाशी हाड पोखरते, दात सैल होतो आणि सगळ्यांचे लक्ष दातावरच राहते. शेजारचे दात घट्ट असताना एकच हलत असेल, तर आधी जबड्याचा एक्स-रे काढायला हवा. काढलेल्या दाताची जागा भरत नसेल, तर तिथला तुकडा तपासायलाच हवा.

कुत्र्यांच्या तोंडात सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे मेलॅनोमा, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा. माणसात तो बहुधा कातडीवर होतो आणि त्यात उन्हाचा वाटा असतो. कुत्र्यात तो हिरडीवर, टाळूवर, ओठाच्या आत होतो, जिथे ऊन पोचतच नाही. तो नेहमी काळाच असतो असेही नाही, बऱ्याच गाठी गुलाबी असतात. आपल्या बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्याला घाबरू नका. सपाट काळा डाग वेगळा आणि हाताला लागणारा उंचवटा वेगळा. त्याखालोखाल स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तरातल्या पेशींचा कॅन्सर (राणीचा हाच), आणि फायब्रोसार्कोमा, म्हणजे तंतुमय मांसाचा. लहान पिलांच्या तोंडात चामखिळींचे घोस येतात, ते विषाणूचे असतात आणि बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जातात.

नाव कळल्यावर दुसरा प्रश्न असतो, पसरलाय का? मेलॅनोमा लवकर पसरतो, आधी जबड्याखालच्या लसिका गाठींत (प्रतिकारशक्तीच्या, प्रत्येकाला असणाऱ्या छोट्या गाठी), मग फुफ्फुसांत. या गाठी हाताला नेहमीच्याच लागल्या म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मेलॅनोमा झालेल्या शंभर कुत्र्यांच्या एका अभ्यासात, आकाराने नेहमीच्या वाटणाऱ्या लसिका गाठींपैकी सुमारे 40 टक्के गाठींत कॅन्सर पोचलेला होता. म्हणून सुई घालून पेशी तपासायच्या आणि छातीचे एक्स-रे काढायचे. तोंडातल्या गाठीचा आकारही महत्त्वाचा. 2 सेंटीमीटरच्या आत, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याहून लहान असेल आणि कुठे पसरलेली नसेल तर पहिला टप्पा. मेलॅनोमाला काहीच उपचार केले नाहीत तर साधारण दोनेक महिने हातात राहतात. पहिल्या टप्प्यात गाठ पूर्ण निघाली तर बरीच कुत्री वर्षभराहून जास्त जगतात.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. इथेच माणसे मागे फिरतात. डॉक्टर म्हणाले, "खालच्या जबड्याचा पुढचा भाग काढावा लागेल," आणि आई उठून बाहेर गेली. "मुक्या जिवाचे एवढे हाल कशाला?" तिचे म्हणणे मला त्या वेळी खोडता आले नाही. पण नुसती दिसणारी गाठ खरवडून काही होत नाही. तिची मुळे हाडात असतात, म्हणून भोवतालचे सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर निरोगी हाड आणि मांस घेऊनच ती काढायची. मग पॅथॉलॉजिस्ट त्या तुकड्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. कडांत कॅन्सरच्या पेशी नसल्या तरच पूर्ण निघाली म्हणायचे. राणीची शस्त्रक्रिया पुण्यात झाली. दुसऱ्या दिवशी तिने दुधात कालवलेला मऊ भात चाटून खाल्ला. हनुवटी गेल्यामुळे जीभ थोडी बाहेर लोंबते, लाळ गळते. पण कुत्र्याला आरसा नसतो. ठणकणारी जागा गेली, एवढेच त्याला कळते.

प्रत्येकाचे नशीब असे नसते. जबड्याच्या पुढच्या भागातला स्क्वॅमस उशिरा पसरतो, वेळेत पूर्ण काढला तर बहुतेक कुत्री बरी होतात. तोच टॉन्सिलवर झाला तर लवकर पसरतो. मागे टाळूत रुतलेली गाठ काढणे अवघड असते. तिथे रेडिएशन, ज्याला आपण 'लाइट देणे' म्हणतो, उपयोगी पडते. मेलॅनोमाला ते बहुधा मोठ्या मात्रेत आणि मोजक्या वेळा देतात. आपल्याकडे जनावरांसाठी ही सोय सहज मिळत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते. पिरॉक्सिकॅम हे सांधेदुखीचे जुने औषध काही स्क्वॅमस गाठींची वाढ रोखते, पण ते पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यावे. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने कधीही देऊ नका. कुत्र्याला ती विषासारखी ठरू शकतात.

अमेरिकेत 2007 साली कुत्र्यांच्या मेलॅनोमासाठी एका लसीला सशर्त परवानगी मिळाली. तिच्यातली कल्पना मला फार आवडते. रंगद्रव्य तयार करायला टायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम) लागते, आणि मेलॅनोमाच्या पेशींत ते असते. पण ते शरीराचे स्वतःचेच, म्हणून प्रतिकारशक्ती त्याकडे दुर्लक्ष करते. लसीत माणसाच्या टायरोसिनेजचे जनुक घातले आहे. ते कुत्र्याच्या विकरासारखेच, पण किंचित परके. त्या परकेपणाने शरीर जागे होते आणि मग गाठीतल्या विकरावरही तुटून पडते. प्रत्यक्षात गुण किती, यावर मात्र एकमत नाही. काही अभ्यासांत कुत्री जास्त जगली, काहींत फरक दिसला नाही. माणसांत तोंडाच्या आतला मेलॅनोमा दुर्मीळ असल्यामुळे, कुत्र्यांवरच्या या उपचारांकडे माणसांचे डॉक्टरही लक्ष ठेवून असतात.

आता दर रविवारी मी राणीचे ओठ दोन्ही बाजूंनी वर करून पाहतो. हिरड्या, टाळू, जिभेखाली, मग जबड्याखाली बोटे फिरवायची. दोन मिनिटे लागतात आणि तिला ते बिलकूल आवडत नाही. परवा आईने भाकरी मऊ करून ताटलीत ठेवली होती. राणीने ती तशीच सोडली, परातीतला कडक तुकडा पळवला, पंज्याखाली धरला आणि मागच्या दाढांनी कडाकडा फोडून खाल्ला. छातीचा पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे.