शेतीची रोजनिशी

शेतीची रोजनिशी म्हणजे घरच्या माणसांनी कसलेल्या शेतावर आज काय झाले याची आजच लिहिलेली नोंद. हवामान, पिके, जनावरे, पाणी, अवजारे आणि माणसांचे श्रम हे सगळे तिच्यात येते. जमाखर्चाच्या वहीत डिझेलची पावती सापडते. ते डिझेल कोणत्या तुकड्यात, कोणत्या कामासाठी आणि जमीन किती ओली असताना जळाले, हे मात्र रोजनिशीतच मिळते. काही कुटुंबे ही नोंद स्वतःपुरती ठेवतात, काही ती छायाचित्रांसह शेतीबाहेरच्या वाचकांसमोर मांडतात.

अशा नोंदींचे मोल पिढ्यांनी वाढत जाते. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम याने १७३६ मध्ये झाडांना पहिले पान फुटणे, पक्ष्यांचे आगमन अशा वसंताच्या खुणांच्या तारखा लिहायला सुरुवात केली. मधला काही काळ वगळता त्याच्या वंशजांनी ती नोंद १९५८ पर्यंत चालवली. ऋतुमान कसे सरकत गेले हे पाहण्यासाठी अभ्यासकांना आज तिचा उपयोग होतो.

नोंदीची घडण

शेताच्या प्रत्येक तुकड्याला कायमचा क्रमांक आणि प्रत्येक जनावराला कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, ही पहिली तयारी. ‘वरचा तुकडा’, ‘तांबडी गाय’ ही नावे घरात चालतात. पाच वर्षांनी तांबड्या गाई तीन झालेल्या असतात. त्यानंतर रोजच्या नोंदीत तारीख, कमाल व किमान तापमान, पाऊस, तुकडा, काम, ते करणारी व्यक्ती, लागलेला वेळ, वापरलेल्या वस्तूचे नाव व प्रमाण आणि एक-दोन ओळींचे निरीक्षण एवढे पुरते. संध्याकाळी दहा मिनिटांत हे होते, पण दिवसभरातले आकडे खिशातल्या छोट्या वहीत जागच्या जागी टिपलेले असतील तरच. या वहीसाठी शिसपेन्सिल सर्वांत चांगली, कारण ओल्या हाताने शाई पसरते, पेन्सिल टिकते. चुकलेला आकडा खोडून टाकू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा. यंत्रावर छापलेल्या पावत्यांची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्यांचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे.

जनावरे

रोजनिशीचा सर्वांत लवकर आणि सर्वांत ठळक फायदा गोठ्यात दिसतो. गाईचा माज, म्हणजे तिची गर्भधारणेसाठी तयार असण्याची अवस्था, साधारण २१ दिवसांनी फिरून येतो, तरी १८ ते २४ दिवसांचा फरक स्वाभाविक असतो. माजाची तारीख लिहिलेली असली की पुढच्या वेळी अठराव्या दिवसापासूनच लक्ष ठेवता येते. तारखेबरोबर वेळही हवी. गाय सकाळी माजावर दिसली तर रेतन (गर्भधारणेसाठी वीर्य सोडणे) संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी करण्याची रीत आहे; नुसत्या तारखेवरून हे ठरत नाही. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा, म्हशीचा सुमारे ३१० आणि शेळीचा १५० दिवसांचा. गाय विण्याआधी साधारण ६० दिवस आटवायची, म्हणजे तिची धार काढणे थांबवायचे असते आणि ती तारीख रेतनाच्या नोंदीवरूनच निघते. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, पुन्हा रेतन झाले आणि हिशेब मात्र जुन्याच तारखेवरून केला, ही गोठ्यातली नेहमीची चूक. मग गाय लवकर आटवली जाते आणि तीन आठवड्यांचे दूध हातचे जाते.

वासरू जन्मल्यावर चीक पाजल्याची वेळ आणि प्रमाण लिहावे. पहिल्या पाजणीत वजनाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर चीक, शक्य तितक्या लवकर आणि सहा तासांच्या आत पोटात जायला हवा. चिकातील प्रतिकारद्रव्ये शोषण्याची आतड्यांची ताकद तासातासाने घटते आणि साधारण एका दिवसात संपते. दोन आठवड्यांनी वासराला हगवण लागली तर पशुवैद्य विचारतील ती गोष्ट हीच.

औषधाच्या नोंदीत नाव, मात्रा, दिल्याची वेळ आणि दूध कोणत्या दिवसापर्यंत बाजूला काढायचे ती तारीख असावी. नोंद केली तरी तेवढ्याने भागत नाही. धार काढणारी व्यक्ती बदलली की वही कोणी उघडत नाही, म्हणून जनावराच्या पायाला रंगीत पट्टीही बांधावी. दुधाचे माप लिटरमध्ये की किलोमध्ये हे पहिल्याच पानावर ठरवावे. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरते. घरातल्या दोघांनी दोन मापे वापरली तर तीन टक्क्यांची खोटी घट-वाढ दिसत राहते.

शेत आणि पाणी

पर्जन्यमापक मोकळ्या जागी, जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर लावावा आणि रोज ठरलेल्या एकाच वेळी वाचावा. सकाळी वाचलेला पाऊस कोणत्या तारखेला लिहायचा हेही एकदा ठरवून टाकावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी.

‘सहा तास पाणी दिले’ ही नोंद अपुरी आहे. २०० लिटरची टाकी ४० सेकंदांत भरत असेल तर प्रवाह सेकंदाला ५ लिटर. सहा तासांत १,०८,००० लिटर. ४,००० चौरस मीटर क्षेत्रावर २७ मिलिमीटर. असा आकडा झाला की पाऊस आणि ओलीत यांची बेरीज करता येते. विहिरीची पातळी खाली गेली की प्रवाह घटतो, म्हणून हे मोजमाप अधूनमधून पुन्हा करावे.

फवारणीचेही तसेच. १०० चौरस मीटरवर साधे पाणी नेहमीच्या चालीने फवारून ते किती लागले ते पाहावे. चार लिटर लागले तर हेक्टरी ४०० लिटर. नोंदीत औषधाचे नाव, बाटलीवरचा बॅच क्रमांक, मात्रा, वाऱ्याची दिशा, कीड किती होती आणि लेबलवर दिलेला काढणीपूर्व काळ (फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) असावा. कीड किती होती हे आधी लिहिलेले नसेल तर फवारणी लागू पडली की नाही, हे कधीच कळत नाही.

काढणीच्या वेळी वजनासोबत ओलावा लिहावा. १८ टक्के ओलाव्याचे १,००० किलो धान्य १२ टक्क्यांवर आणले की ९३२ किलो उरते. ओलाव्याविना लिहिलेल्या उताऱ्यांची, म्हणजे उत्पादनाच्या आकड्यांची, तुलना फसवी असते.

घरचे श्रम

सर्वांत जास्त गळणारी नोंद हीच, आणि ती गळू देऊ नये. मजुरी दिलेले तास लिहिले जातात कारण पैसे मोजलेले असतात. पहाटेची धार, वासरांचे पाणी, बियाणे निवडणे, भांडी धुणे ही कामे बहुधा बायका, वृद्ध आणि शाळेतून आलेली मुले करतात. ती ‘घरचेच’ म्हणून वहीत उतरत नाहीत. मग दूध नफ्यात दिसते. प्रत्येकाचे तास आठवडाभर प्रामाणिकपणे लिहिले तर तो नफा कोणाच्या झोपेतून निघतो ते उघड होते आणि कोणते यंत्र आधी घ्यायचे याचा निर्णय बदलतो. म्हणूनच वही एकाच्याच ताब्यात नसावी. आठवड्यातून एकदा सर्वांसमोर ती वाचली की राहिलेल्या गोष्टी तिथेच भरता येतात.

पेरणी आणि काढणीच्या धांदलीत नोंदी तुटतात, आणि नेमके तेच दिवस पुढे लागतात. अशा वेळी तुकडा, काम, प्रमाण एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. रिकामे दिवस महिन्याअखेरीस आठवणीने भरण्यापेक्षा रिकामेच ठेवलेले बरे.

बाहेरच्यांसमोर मांडताना

रोजनिशीतला मजकूर जसाच्या तसा बाहेर द्यायचा नसतो. मुलांचे चेहरे, यंत्रे उभी करण्याची जागा, घर रिकामे असण्याचे दिवस आणि छायाचित्रात आपोआप साठणारे ठिकाण आधी काढून टाकावे. घरातल्या ज्याचे काम दाखवायचे त्याची संमती घ्यावी. औषधाची मात्रा देताना ती कोणत्या पिकासाठी व लेबलप्रमाणे होती हे लिहावे, नाहीतर वाचक ती भलत्याच पिकावर वापरतो. मेलेले वासरू किंवा गारपिटीने झोपलेले पीक वगळून फक्त टवटवीत छायाचित्रे दिली तर शेतीचे चित्र खोटे होते. मृत्यूचे कारण माहीत असेल तेवढे सरळ सांगावे. पिकाची वाढ दाखवण्यासाठी बांधावर एक खुंट ठोकून तिथूनच, एकाच दिशेने, दर आठवड्याला त्याच वेळी छायाचित्र घ्यावे. चौकटीत मोजपट्टी असावी आणि फाइलच्या नावात आधी तारीख, मग तुकड्याचा क्रमांक.